ॲटवॉटर केंटचा जुना रेडिओ हाती आला तर आधी काय बघायचं

ॲटवॉटर केंट या अमेरिकन कंपनीचा शंभर वर्षं जुना रेडिओ तुमच्या हाती लागला असेल तर पहिली विनंती एवढीच की लगेच त्याला करंट देऊ नका आणि पॉलिश घेऊन घासायलाही बसू नका. एक संध्याकाळ नुसतं बघण्यात घालवा. या कंपनीचं असं आहे की तिचा सगळा इतिहास त्या खोक्यातच भरलेला आहे, कुठल्या वर्षी कंपनीकडे काय होतं, काय नव्हतं, कुणाच्या पेटंटची अडचण होती, हे सगळं स्क्रू आणि व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) बघून कळतं. आणि ते कळलं की दुरुस्तीही सोपी जाते, कारण कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे आपोआप समजतं.

मी पहिल्या सेटच्या वेळी हे केलं नव्हतं. मॉडेल ३५ होता, पत्र्याचा बसका डबा, वर तपकिरी खरखरीत रंग. मला वाटलं गंज धरलाय, घेतला सँडपेपर आणि अर्धं झाकण चकचकीत करून टाकलं. तो गंज नव्हता, तो कारखान्यातून दिलेला फिनिशच तसा होता, मुद्दाम दाणेदार. ते अर्धं झाकण आजही मला बघून हसतं.

आता पत्र्याचा डबा का, तर इथूनच कंपनीची गोष्ट सुरू होते. आर्थर ॲटवॉटर केंट हा माणूस मूळचा रेडिओवाला नव्हताच. जन्म १८७३, व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचा. १९०२ मध्ये त्याने फिलाडेल्फियात कारखाना टाकला, तिथे टेलिफोन, व्होल्टमीटर असलं छोटं विजेचं सामान बनायचं, आणि मग मोटारींच्या इग्निशनमध्ये त्याने नाव काढलं. युनिस्पार्कर नावाची त्याची वस्तू होती. तोपर्यंत बऱ्याच गाड्यांत ठिणग्यांचा नुसता पाऊस पाडून इंजिन पेटवायचे, याने नेमक्या क्षणाला एकच दमदार ठिणगी टाकायची सोय केली. त्याबद्दल फिलाडेल्फियातल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूट या विज्ञानसंस्थेकडून १९१४ मध्ये जॉन स्कॉट पदक मिळालं. म्हणजे रेडिओ येईपर्यंत या लोकांचा पत्रा ठोकण्यात, बेकलाइटचे, म्हणजे तेव्हाच्या कडक प्लास्टिकचे साचे पाडण्यात, बारीक तारेच्या कॉइल गुंडाळण्यात हात बसलेला होता. १९२० च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गचं केडीकेए स्टेशन सुरू झालं, अमेरिकेत रेडिओचं वेड पसरलं, आणि केंटला दिसलं की हे सगळं सामान आपण डोळे मिटून बनवू शकतो.

तर बघायची पहिली गोष्ट, मॉडेलचा नंबर. आत किंवा बाहेर धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि पेटंटच्या तारखा. यातली पेटंटची तारीख म्हणजे रेडिओची तारीख असं समजू नका, पुष्कळ जण इथेच फसतात, पेटंट सेटच्या कितीतरी वर्षं आधीचं असू शकतं. पट्टी निघून गेली असेल तर आकारावरून ओळखायचं, आणि सुदैवाने ते फार अवघड नाही.

लाकडाच्या लांबट फळीवर सगळे भाग उघडे मांडलेत, वर झाकणच नाही, तर तो ब्रेडबोर्ड सेट. मॉडेल १० हा १९२३ चा, पाच व्हॉल्व्हचा, मॉडेल १२ त्याच्या पुढच्या वर्षीचा, सहा व्हॉल्व्हचा. कंपनीने सुरुवातीला पूर्ण रेडिओ विकायच्या ऐवजी सुटे भाग विकले होते, ट्यूनर वेगळा, डिटेक्टर (रेडिओलहरींतून आवाज वेगळा काढणारा भाग) आणि दोन ॲम्प्लिफायर मिळून एका गोल डब्यात, आणि लोक ते घरी जोडायचे. मग कंपनीनेच ते भाग फळीवर बसवून द्यायला सुरुवात केली. दिसायला इतका देखणा प्रकार दुसरा नाही, आणि म्हणूनच जपून राहा, कारण सुटे भाग तेव्हाही मिळायचे आणि आजही मिळतात, त्यामुळे नंतर कुणीतरी जुळवून केलेली फळी अस्सल म्हणून खपवणं सोपं जातं. फळी उलटी करून बघा. वायरिंग खालून गेलेलं असतं. तिथे बुजवलेली जुनी भोकं दिसली किंवा एखादा भाग बसतो त्याच्या बाजूला वेगळ्याच मापाची खूण दिसली तर शंका घ्या.

लाकडी पेटी, पुढे एका ओळीत तीन मोठ्या डायल, तर बहुतेक मॉडेल २०. मोठी पेटी १९२४ ची, आणि तीच आतली मांडणी दाटून बसवलेली छोटी पेटी १९२५ ची, तिला कॉम्पॅक्ट म्हणतात. याच १९२५ मध्ये ही कंपनी अमेरिकेतली सगळ्यात मोठी रेडिओ कंपनी झाली होती, म्हणून मॉडेल २० आजही भरपूर सापडतात आणि शिकायला याच्यासारखा सेट नाही.

एकच डायल असेल तर १९२६ किंवा त्यानंतरचा समजा. मॉडेल ३० लाकडी, मॉडेल ३५ पत्र्याचा. इथे झाकण उघडून जरूर बघा, आत तीन कंडेन्सर (फिरवून स्टेशन जुळवायचे भाग) धातूच्या पातळ पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेत, एक फिरवला की तिघेही फिरतात, गिरणीतल्या पट्ट्यासारखे. तीन डायल जुळवायचा वैताग एका डायलवर आणायला एवढी साधी युक्ती! त्या पट्ट्यांना तेल लावू नका, स्क्रू सैल करू नका. पट्टी एकदा घसरली की तिन्ही कंडेन्सर पुन्हा एका सुरात आणायला दिवस जातो. कोरड्या कापडाने पुसा, बेअरिंगवर हवं तर तेलाचा एक थेंब, बस.

मोठं लाकडी कपाट असेल आणि त्यावर पूली किंवा कील असं नाव असेल तर गोंधळू नका, ती फर्निचर बनवणारी मंडळी. केंट रेडिओ बनवायचा, कपाटं पुष्कळदा बाहेरच्यांची. कपाटाच्या नावावरून रेडिओचं वय काढायला जाऊ नका, आतला सेट बघा.

यानंतरची खूण सगळ्यात महत्त्वाची, वीज कुठून येते. मागून नुसता बॅटरीच्या तारांचा जुडगा निघत असेल तर बहुतेक १९२६-२७ पर्यंतचा. घरातल्या विजेवर चालणारा असेल तर १९२७ किंवा त्यानंतरचा. १९२७ मध्ये २६ आणि २७ नंबरचे व्हॉल्व्ह बाजारात आले आणि बॅटरीचा काळ संपत आला. कारण समजून घ्या म्हणजे दुरुस्तीच्या वेळी उपयोग होतो: बॅटरीच्या सेटमधल्या २०१-ए व्हॉल्व्हची फिलामेंट (आतली तापणारी तार) एसीवर पेटवली तर स्पीकरमध्ये नुसती घूंऽऽ ऐकू येणार. २६ ची फिलामेंट फक्त दीड व्होल्टची पण एक ॲम्पियरहून जास्त करंट खाणारी, जाड, लवकर थंड न होणारी, त्यामुळे घूं कमी. तरी डिटेक्टरच्या जागी ते चालत नव्हतं, तिथे २७ लागायचा, त्यात तापवणारी तार वेगळी आणि कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग वेगळा. म्हणून मॉडेल ३७ किंवा १९२८ च्या मॉडेल ४० मध्ये बघाल तर २६ ची रांग, मध्ये एकच २७, शेवटी स्पीकर चालवणारा ७१-ए आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला ८०. मॉडेल ३६ मध्ये पॉवरचा डबा वेगळा असायचा, ३७ मध्ये तो पोटात घेतला. आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर टोपी आणि टोपीला वायर असेल तर तो २४ नंबरचा, स्क्रीन ग्रिड नावाच्या नव्या जातीचा व्हॉल्व्ह, म्हणजे १९२९ चा मॉडेल ५५ किंवा ६० च्या घरातला.

पेटंटची खूणही आत सापडते. त्या काळात सुपरहेटरोडाइन ही सर्किटची पद्धत आरसीए या बड्या रेडिओ कंपनीच्या मुठीत होती, न्यूट्रोडाइन या दुसऱ्या पद्धतीचं पेटंट हेझल्टाइन या संशोधकाचं. केंटकडे दोन्ही नव्हतं, म्हणून त्याचे सुरुवातीचे सगळे सेट साध्या टीआरएफ (ट्यून्ड रेडिओ फ्रिक्वेन्सी) पद्धतीचे, एकामागून एक ट्यून केलेल्या पायऱ्या. अशा सेटला शिट्टी मारायची खोड असते, ती दाबायला एक डायलवाल्या सेटमध्ये व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या (सिग्नल जिथे शिरतो ती जाळी) वाटेत चक्क रेझिस्टर घातलेत. थोडा जोर वाया जातो पण शिट्टी थांबते आणि कुणाचं पेटंटही मोडत नाही. तो रेझिस्टर दिसला तर "कुणीतरी नंतर घातलाय" म्हणून काढून फेकू नका हां. तुमच्या सेटमध्ये सुपरहेट सर्किट निघालं तर तो १९३० नंतरचा, कारण आरसीएने बाकीच्यांना ते वापरायची मोकळीक दिली ती तेव्हा.

एवढं झालं की फोटो काढा, प्रत्येक वायरीचे, वरून, खालून, बाजूने. झाकणाच्या आत किंवा पेटीच्या मागे पेन्सिलीने आकडे लिहिलेले दिसले तर पुसू नका. मॉडेल २० च्या डायलवर नुसतं ० ते १०० असतं, स्टेशनचं नाव नाही, फ्रिक्वेन्सी नाही, त्यामुळे लोक कुठलं स्टेशन कुठल्या तीन आकड्यांवर लागतं ते लिहून ठेवायचे. अशी चिठ्ठी आत सापडली तर तो सेट कुणाच्या तरी घरी रोज वाजत होता याचा पुरावाच.

आता चालू करायचं. बॅटरीवाल्या सेटपासून सुरुवात करा, तो त्यातल्या त्यात सोपा. मल्टिमीटर घ्या, सगळे व्हॉल्व्ह काढा, प्रत्येकाची फिलामेंट शाबूत आहे का ते ओहमवर बघा. मग ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. हे या सेटचं सगळ्यात कमकुवत अंग, केसासारख्या तारेचं वायंडिंग, शंभर वर्षांत कुठेतरी हिरवं पडून तुटतं. प्रायमरीला काहीशे ते दोनेक हजार ओहम आणि सेकंडरीला काही हजार ओहम दाखवायला हवेत, मीटर हललंच नाही तर गेलं. गेलं म्हणून टाकून देऊ नका, बाहेरचं कवच ठेवा आणि आत १ ला ३ प्रमाणाचा नवा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवा. नुसतं आवाज येतो का बघायचं असेल तर प्लेटला (व्हॉल्व्हमधून सिग्नल बाहेर पडतो ते टोक) १०० किलोओहम, मध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ग्रिडला ४७० किलोओहम असं तात्पुरतं जोडूनही काम भागतं, आवाज कमी येईल पण येईल. डिटेक्टरचा ग्रिड लीक नावाचा रेझिस्टर, काचेच्या छोट्या नळीसारखा असतो, तो साधारण २ मेगओहमचा हवा, पुष्कळदा वाढून कुठच्या कुठे गेलेला असतो.

पॉवरसाठी, फिलामेंटला ६ व्होल्टची बॅटरी, पाच २०१-ए मिळून सव्वा ॲम्पियर खातात त्यामुळे छोट्या सेलवर भागणार नाही. व्हॉल्व्ह ५ व्होल्टचे आहेत, वरचा एक व्होल्ट पॅनेलवरच्या रिओस्टॅटने (फिरवून करंट कमीजास्त करायच्या बटणाने) मारायचा, म्हणून रिओस्टॅट नेहमी बंदपासून सुरू करून हळूहळू वाढवा. प्लेटला ९० व्होल्ट, त्यासाठी ९ व्होल्टच्या १० छोट्या बॅटऱ्या एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस अशा सिरीजमध्ये जोडा, आणि पाचव्याच्या पुढून एक तार काढा, ती ४५ व्होल्ट डिटेक्टरला.

इथे नीट लक्ष द्या. तारांच्या रंगांवर अजिबात विश्वास ठेवू नका, कापडी वेष्टणाचा रंग उडालेला असतो, मध्येच कुणीतरी केबल बदललेली असते. प्रत्येक तार आत कुठे जाते ते मीटरने बघून तिला चिठ्ठी बांधा. ९० व्होल्टची तार चुकून फिलामेंटला लागली तर पाचही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात, फोटोच्या फ्लॅशसारखे, मी स्वतः तो फ्लॅश बघितलाय आणि नंतर कितीतरी वेळ नुसता खुर्चीत बसून होतो. म्हणून व्हॉल्व्ह न घालता सगळं जोडा, प्रत्येक सॉकेटच्या फिलामेंट पिनांवर मीटर लावा, ५-६ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. ९० च्या मायनसमध्ये बारीक फ्यूज घाला. मगच व्हॉल्व्ह लावा.

स्पीकर म्हणून हल्लीचा ८ ओहमचा सरळ जोडून चालत नाही. मूळचा कर्णा, मॉडेल एल किंवा एम, किंवा नंतरचा मॉडेल ई गोल, शंकूच्या आकाराच्या पडद्याचा, हे हजार-दोन हजार ओहमच्या कॉइलचे असतात आणि प्लेटचं व्होल्टेज त्यांच्यातूनच जातं. मूळचा नसेल तर व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून नवा स्पीकर लावा. जुना हेडफोन कानाला लावून टेस्ट करायचा मोह होतो, पण त्या तारांत ९० व्होल्ट असतात, कापड फाटलेलं असेल तर कानाशीच झटका बसेल.

विजेवर चालणारे सेट, म्हणजे ३७, ४०, ५५ वगैरे, हे वेगळं प्रकरण. आत शेकडो व्होल्ट, आणि सेट बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कंडेन्सरमध्ये राहू शकतात. व्हॉल्व्हच्या कामाची सवय नसेल तर एखादा जाणकार शेजारी बसवूनच उघडा. हे सेट अमेरिकेतल्या ११० व्होल्ट, ६० सायकलसाठी बनलेत, २३० व्होल्टवर लावायचे तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच, आणि ५० सायकलवर आतला ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो, त्यामुळे पहिले काही दिवस हात लावून बघत राहा.

यातला छळवाद म्हणजे पॉवरचा डबा. कंपनीने ट्रान्सफॉर्मर, चोक (घूं कमी करणारी कॉइल) आणि फिल्टरचे कंडेन्सर एका पत्र्याच्या डब्यात घालून वरून डांबर ओतून टाकलं. कारखान्याच्या दृष्टीने झकास, पटापट काम होतं, दमट हवा आत जात नाही, पण कागदी कंडेन्सर आता सगळे गळके आणि त्यांच्यापर्यंत पोचायला डांबर काढायला हवं. दोन मार्ग आहेत. एक, हॉट एअर गनने उघड्यावर वितळवायचं, घाण होते, वास आठवडाभर जात नाही. दुसरा, डबा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, डांबर काचेसारखं ठिसूळ होतं, मग छिन्नीने टवके काढायचे. मला दुसरा बरा वाटतो, फक्त ट्रान्सफॉर्मरच्या तारांजवळ छिन्नी हळू. आणि खरं सांगायचं तर ट्रान्सफॉर्मर आणि चोक ठीक असतील तर डांबर काढूच नका, टर्मिनलवरून जुने कंडेन्सर तोडा आणि खाली जागा बघून नवे ४५० व्होल्टचे बसवा. ८० च्या लगेच पुढचा कंडेन्सर ८ ते १० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका, जास्त मोठा घातला की रेक्टिफायरवर ताण येतो.

पहिल्यांदा करंट देताना सिरीजमध्ये जुन्या धाटणीचा तारेचा बल्ब लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भक्कन पेटून तसाच राहिला तर लगेच बंद, आत कुठेतरी शॉर्ट आहे.

हे डांबराचे डबे ज्या कारखान्यात भरले गेले तो फिलाडेल्फियातल्या विसाहिकन ॲव्हेन्यूवरचा, १९२४ मध्ये सुरू झालेला आणि वाढत वाढत ३२ एकरांवर गेलेला. १९२९ मध्ये तिथे १२,००० माणसं कामाला होती आणि वर्षाला जवळपास दहा लाख सेट बाहेर पडत होते. जाहिरातीसाठी १९२५ पासून ॲटवॉटर केंट आवर नावाचा कार्यक्रम चालायचा, मोठमोठे ऑपेरा गायक त्यात गायचे. आणि मग मंदी आली. गंमत बघा, त्याच फिलाडेल्फियात फिल्को नावाची बॅटरी बनवणारी कंपनी होती. विजेवरचे रेडिओ आल्यावर तिचा बॅटरीचा धंदा बुडायला लागला, म्हणून तिने १९२८ मध्ये स्वतःच रेडिओ काढले, आणि १९३० मध्ये कमानीच्या आकाराचा, टेबलावर बसणारा, ५० डॉलरच्या आतला बेबी ग्रँड आणला. त्याचाही नंबर मॉडेल २०! लोकांना मंदीत तेच हवं होतं. केंटनेही कमानीवाले सेट काढले, चांगले काढले, पण स्वस्ताईच्या शर्यतीत त्याचं मन नव्हतं असं म्हणतात, आणि १९३६ मध्ये त्याने कारखाना बंद केला. तो कॅलिफोर्नियात राहायला गेला, १९४९ मध्ये वारला. त्याआधी १९३८ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटची जुनी इमारत विकत घेऊन त्याने फिलाडेल्फिया शहराला म्युझियमसाठी देऊन टाकली, ज्या संस्थेने पदक दिलं तिचीच इमारत.

म्हणून तुमचा सेट १९३० नंतरचा असेल तर आत जरा बारकाईने बघा, इतकं चांगलं सामान त्या किमतीच्या लढाईत कसं परवडत असेल असं वाटतं.

बरं, स्टेशन लावणं राहिलं. १५ ते २० मीटर लांब तार उंचावर बांधा आणि अर्थिंगची (जमिनीत जाणारी) तार नक्की जोडा, अर्थिंगशिवाय हे सेट मुकेच. फक्त मीडियम वेव्ह, साधारण ५५० ते १५०० किलोसायकल, म्हणजे आजच्या भाषेत किलोहर्ट्झ. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करा, त्यांचीच खरखर जास्त असते. रात्री बसा. तीन डायलवाल्या सेटवर तिन्ही आकडे आधी सारखे ठेवा, समजा ४०-४०-४०, मग दोन हातांनी तिघांना एकेक घर पुढे सरकवत चला. कुठेतरी अंधुक काहीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं की पहिली डायल सोडून दुसरी आणि तिसरी आधी नीट जुळवा, अँटेनाच्या लांबीने पहिल्या डायलचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, ती शेवटी. आवाज भरला की रिओस्टॅट थोडा मागे घ्या, आवाज कमी होत नाही तोपर्यंत मागे, व्हॉल्व्ह तेवढे जास्त जगतात. आणि ते तीन आकडे कागदावर लिहून ठेवा, उद्या परत शोधत बसायला नको.